मारुतच्या काचेवरचं धुकं

१

रविवारी सकाळी सव्वानऊला वनजाबाई हिनकलच्या हॉलवर पोचल्या, तेव्हा दारातच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. प्रदर्शनाच्या दिवशी या मंडळींचा नुसता कालवा असतो. कुणाची खुर्ची कुठे, कुणाचा रणगाडा पुढे, कुणाचं विमान मागे, यावरून भांडणं चालतात. आज सगळे चिडीचूप, मधल्या टेबलाभोवती गोळा झालेले.

मंडळी म्हणजे म्हैसूरचं मॉडेल मंडळ. पंधरा-वीस मोठी माणसं, घरी बसून प्लॅस्टिकचे वीतभर रणगाडे आणि हातभर विमानं जोडतात, रंगवतात आणि दसऱ्याच्या आठवड्यात लोकांना दाखवतात. वनजाबाई त्यातल्याच एक. चौतीस वर्षं त्यांनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर तीच हत्यारं विमानांना लावली.

टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत सदाशिवमामांचं मारुत होतं. मारुत म्हणजे आपल्या देशात बनलेलं जुनं लढाऊ विमान. त्याचा धड किट सहजी मिळत नाही, म्हणून मामांनी ते दोन वर्षं खपून स्वतः घडवलं होतं. तेही कापऱ्या हातांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. कॉकपिटवरची काच म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिक. ते तापवून लाकडी साच्यावर ओढायचं. अकरा वेळा फसलं, बाराव्या वेळी जमलं. त्या दिवशी मामांनी वनजाबाईंना फोन करून नुसतं "आयतु!" एवढंच सांगितलं होतं. झालं एकदाचं.

आता ती काच पांढरीफट पडली होती. आत बसलेला चिमुकला वैमानिक दिसेनासा झाला होता. पुढच्या चाकाची दांडी मोडून कुणीतरी परत चिकटवली होती, तीसुद्धा तिरकी, भला मोठा थेंब थापून.

"अय्यो देवरे," वनजाबाई म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे?" मंडळाचे अध्यक्ष विक्रांत पुढे आले. पुण्याहून नोकरीसाठी आलेले, सलग तीन वर्षं करंडक मारलेले. "वनजाताई, वाईट वाटतं बोलायला, पण काकांनीच. काल पेटीत ठेवताना हात थरथरला, दांडी मोडली, तशीच चिकटवली आणि झाकण लावलं. हवा दमट, त्यात पेटी बंद. बघा ना, बुरशी धरलीय काचेवर."

कोपऱ्यातून यशोधन पुटपुटला, "बुरशी कसली, कुणीतरी सुपरग्लू..." पण त्याचं कुणी ऐकलं नाही. तो नाशिकचा, मंडळात सगळ्यात लहान, फक्त रणगाडे करतो आणि जरा तिरसट आहे.

विक्रांत घसा साफ करून म्हणाले, "अकराला पाहुणे येतील. हे मॉडेल उचलूया. आणि पुढच्या वर्षीपासून ज्यांचे हात ठीक नाहीत त्यांनी भाग घेऊ नये असा नियम करूया. त्यांच्याच भल्यासाठी."

वनजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भल्यासाठी म्हणे! "ते विमान कुणी हलवायचं नाही," त्या गरजल्या. "पेटीला बोट लावायचं नाही. अकरा वाजायला दीड तास आहे. मी मामांना विचारून येते."

२

सदाशिवमामा बाहेर पायरीवर बसले होते. शेजारी सून सुष्मा. मामांच्या घराण्यात तीन पिढ्या म्हैसूरच्या फौजेत गेल्या. ते स्वतः एकतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात काचा बसवत. आता त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते, आणि मामा त्या हातांकडे परक्यासारखे बघत होते.

"वनजा," ते म्हणाले, "मीच मोडलं असेन का गं?"

विमान मोडलं तर पुन्हा करता येतं. पण मामा स्वतःवरच संशय घ्यायला लागले होते, आणि ते वनजाबाईंना अगदी सहन होईना.

"सुम्ने इरी, मामा! गप्प बसा. काहीतरी काय बोलता? काल काय केलंत, एकेक सांगा."

"संध्याकाळी साडेपाचला आलो. हातमोजे घातले. कारखान्यात काचेला उघडं बोट लावलं तर ओरडा खावा लागे, ती सवय. विमान पेटीत ठेवलं. झाकण लावलं. निघालो. मोडल्याचं मला तर आठवत नाही. पण हल्ली गोळी कधी घेतली तेही आठवत नाही."

"तू आत होतीस?" वनजाबाईंनी सुष्माला विचारलं.

"मी गाडीपाशी होते. पेटी मात्र मीच दुपारी साबणाच्या पाण्याने धुतली आणि कडेला धरून फडक्याने पुसली. लख्ख होती." सुष्माचे डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. "ताई, आता पुरे. परवा ब्लेडने बोट कापलं यांनी. मी रोज जीव मुठीत धरून ऑफिसला जाते. आणि आता लोकांसमोर ही शोभा. हे बघा."

तिने पर्समधून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दाखवला. मामांच्या सुऱ्या, चिमटे, ब्रश सगळं त्यात होतं. "आजपासून हे माझ्याकडे. घरी गेले की टेबलही आवरणार."

मामांनी नुसती मान हलवली. एरवी डब्याला कुणी हात लावला तर हा माणूस घर डोक्यावर घेतो.

"सुष्मा, अकरापर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "मामा, तुमच्याकडे सुपरग्लू आहे?"

"छे! हात थरथरायला लागले तेव्हाच टाकून दिलं. दोन बोटं चिकटली होती माझी. आणि काचेजवळ सुपरग्लू? अगं, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. बंद पेटीत तर..." मामा अडखळले. त्यांनी मान वर केली. "वनजा, ते पांढरं म्हणजे ते आहे?"

"हौदु, मामा. तेच आहे."

३

हॉलमध्ये परत येऊन वनजाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"नोडी, बघा, ती बुरशी नाही. सुपरग्लू वाळताना वाफ सोडतं. पेटी बंद असली तर ती वाफ चार-सहा तासांत काचेवर बसते. दातांच्या लॅबमध्ये मी हे शंभरदा पाहिलंय. आणि आपल्यातला प्रत्येकजण एकदा तरी ही चूक करून रडलाय आणि त्याने कानाला खडा लावलाय. काचा बसवण्यात जन्म गेलेला माणूस ती करेल? शक्य नाही."

दोन-चार माना हलल्या. विक्रांत भुवया उंचावून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग ज्याला मॉडेलमधलं काही कळत नाही अशाच माणसाचं हे काम. काल किल्ली कुणाकडे होती? धूळ पुसायला कोण फिरत होतं?"

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. तिथे श्रीलक्ष्मी हातात झाडू घेऊन उभी होती. हॉलची झाडलोट तिच्याकडे. रोज बन्नूरहून बसने येते, बसनेच जाते.

"नानु मुट्टिल्ल, अक्का!" ती कळवळून म्हणाली. मी हात नाही लावला. "नंजुंडेश्वराची शपथ. मी खालची फरशी पुसली, टेबलाला शिवलेसुद्धा नाही. सात वाजता कुलूप लावलं आणि साडेसातची बस पकडली."

"शपथा कोणीही घेतं," विक्रांत म्हणाले. "घाबरू नकोस, कबूल कर. कुणी पोलिसांना नाही बोलवणार."

वाहवा, काय मन मोठं! आधी म्हाताऱ्याचे हात सापडले, आता झाडूवालीचे. जो उलट बोलणार नाही तोच बरोबर सापडतो यांना. वनजाबाईंच्या ओठांवर चांगलं तिखट वाक्य आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. आधी पुरावा, मग तोंड.

"श्रीलक्ष्मी," त्यांनी कानडीत विचारलं, "मामा गेल्यावर हॉलमध्ये कोण होतं?"

"दोघे सर. हे," तिने विक्रांतकडे बोट केलं, "आणि ते रणगाडेवाले. हे फोनवर फोटो काढत होते. ते मधे चहाला गेले, अर्धा तास. मी मागे बादल्या धूत होते."

"फोटो मी सगळ्यांचेच काढले," विक्रांत लगेच म्हणाले. "अध्यक्ष आहे मी. छापायला लागतात."

वनजाबाईंनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि पेटीच्या झाकणावर तिरका धरला. काहीच दिसलं नाही. त्या दुसऱ्या बाजूला गेल्या, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या रेघारेघांचा, अख्खा माणसाचा पंजा उमटला होता.

४

"कुणी हलू नका," वनजाबाई म्हणाल्या. "ही वाफ काचेवर बसते तशी हाताच्या घामावरही बसते. बोटांचे ठसे उठवायला तपास करणारी माणसं हीच वाफ वापरतात. पेटी काल दुपारी धुतलेली. मामांनी हातमोजे घातलेले. म्हणजे हा हात ज्याने संध्याकाळी झाकण उघडलं त्याचा."

त्यांनी श्रीलक्ष्मीला बोलावलं. तिचा हात बाहेरून पंजाशेजारी धरला. तिच्या बोटांची टोकं त्या पंजाच्या वरच्या पेरापर्यंत जेमतेम पोचली.

"बघितलंत सगळ्यांनी? झालं समाधान? आता हिची माफी कोण मागणार?"

कुणीच मागितली नाही. श्रीलक्ष्मी पदराने डोळे पुसत मागे सरली.

"म्हणजे राहिलो आम्ही दोघे," यशोधन म्हणाला. तो उंचापुरा, हात चांगले रुंद. "मावशी, मी काल वैतागलो होतो, हे खरं आहे. मारुत मध्ये आलं म्हणून माझा रणगाडा मागे गेला. मी बडबडही केली. पण मी त्याला शिवलो नाही. आणि शिवलो असतो तर सुपरग्लू लावलं असतं का? तेही काच असलेल्या मॉडेलला?"

"अगदी!" विक्रांत म्हणाले. "मीही तेच म्हणतो. पंधरा वर्षं मॉडेल करतोय मी. काचेजवळ सुपरग्लू लावायचं नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तीन करंडक काय उगाच मिळाले?"

मंडळी बुचकळ्यात पडली. ठसा मोठ्या पुरुषाचा. चूक मात्र अडाण्याची. आणि मोठ्या हाताचे दोघेही जाणकार. घड्याळात साडेदहा झाले होते. सुष्मा दारात येऊन उभी राहिली होती, पर्स घट्ट धरून, आणि तिच्या मागे मामा.

वनजाबाई मात्र सकाळचं एक वाक्य आठवत होत्या. मारुतची काच बघितल्याबरोबर यशोधनच्या तोंडून सुपरग्लू हाच शब्द निघाला होता. तसा तो इथल्या कुणाच्याही तोंडून निघाला असता. एका माणसाला मात्र ती बुरशी वाटली होती. आणि तासाभरात तोच माणूस म्हणत होता की हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

त्या पहिल्या टेबलाकडे वळल्या. तिथे विक्रांतचं, गेल्या वर्षी करंडक मिळवलेलं मिग विमान उभं होतं, तीन चाकांवर, नाक वर करून. सुंदर काम होतं, यात वाद नाही.

"विक्रांत," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला स्वल्प एक विचारू? याच्या नाकात तुम्ही काय भरलंत?"

५

"नाकात?" विक्रांत हसले. "काय भरणार? काही नाही. का?"

मागून कुणीतरी "आं?" केलं. यशोधनने कपाळावर हात मारला.

"अहो, मी रणगाडेवाला," तो म्हणाला, "मलासुद्धा माहीत आहे हे! या विमानाचं सगळं वजन मागे असतं. जोडण्याआधी नाकात वजन कोंबलं नाही तर ते शेपटीवर बसतं, पुढचं चाक हवेत राहतं. पहिल्या विमानाला प्रत्येकजण हे विसरतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो."

वनजाबाईंनी मिग उचलून शेजारच्या सदस्याच्या हातात दिलं. त्याने नाकाकडून तोललं आणि मान डोलावली. "भरलंय. छर्रे असावेत. चांगलं जड आहे."

"असेल, विसरलो असेन," विक्रांत म्हणाले. "किती मॉडेल केली मी, सगळं कसं लक्षात राहील?"

"मामा विसरले तर त्यांना घरी बसवायचं. तुम्ही विसरलात तर करंडक!" वनजाबाईंचा आवाज चढला. आता त्यांनी तो अडवला नाही. "ऐका. ज्याने ही दांडी चिकटवली त्याला सुपरग्लूची वाफ माहीत नव्हती. आज सकाळी ती दिसली तेव्हा तुम्हाला ती बुरशी वाटली. इथे तसं वाटलेला एकच माणूस आहे, तुम्ही. ज्याने हे मिग जोडलं त्याने नाकात छर्रे भरले. तुम्हाला ते ठाऊकही नाही. याचा अर्थ एकच होतो. हे मिग तुम्ही जोडलेलंच नाही. आधीची दोन तरी तुम्ही केलीत का?"

विक्रांतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हे फार होतंय, ताई. पुरावा काय?"

"पुरावा पेटीवर आहे. या, पंजा लावा शेजारी. यशोधन, तू आधी ये."

यशोधन आला. त्याची बोटं ठशापेक्षा लांब, आणि त्याची करंगळी लहानपणी मोडल्यामुळे बाहेर वळलेली. पेटीवरची करंगळी सरळ होती. तो बाजूला झाला आणि सगळे विक्रांतकडे बघू लागले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

"मी मुद्दाम नाही मोडलं," ते अखेर म्हणाले. "खालून फोटो हवे होते. झाकण काढलं, विमान उलटं केलं, तर दांडी तुटली. खिशात सुपरग्लूची ट्यूब होती, सकाळी बुटाला लावलेली. दोन मिनिटांत चिकटवलं. वाटलं, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"खालून फोटो कशाला हवे होते?"

उत्तर यशोधनने दिलं. "ज्याच्याकडून करून घेतात त्याला पाठवायला. पुढच्या वर्षी मारुत हवं होतं ना? मामांचंच. जसंच्या तसं."

"तो माणूस शिमोग्याला असतो," विक्रांत पुटपुटले. "फार छान करतो."

"मग त्याचं नाव लावायचं होतंत मॉडेलखाली!" वनजाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं दुसऱ्याच्या हातची शाबासकी घेतलीत. तेही एक वेळ सोडून देते. दांडी मोडली, तेही सोडून देते. माझ्या हातून किती कवळ्या पडल्यात याची गणती नाही. पण काल फोन उचलून 'मामा, चुकलं' म्हणाला असतात तर मामांनी हसत हसत दांडी बसवून दिली असती. तुम्ही काय केलंत? ज्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास आधीच डळमळलाय, त्याच्याच हातांवर ढकललंत. ते पायरीवर बसून मला विचारत होते, मीच मोडलं असेन का म्हणून! लाज वाटायला हवी होती. आणि ते जमेना तेव्हा या बाईवर ढकललंत. कारण तीही बोलणार नाही."

विक्रांत श्रीलक्ष्मीकडे वळून "सॉरी" म्हणाले. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि झाडू उचलून त्यांच्या पायाखालची फरशी झाडायला लागली, त्यांना दोन पावलं मागे सरावं लागलं.

६

"पण मॉडेल तर गेलंच," कुणीतरी हळहळलं. "अकराला दहा कमी आहेत."

"कोण म्हणतं गेलं?"

सदाशिवमामा पुढे आले होते. थरथर तशीच होती. पण आवाज जुना होता, घर डोक्यावर घेणारा.

"दांडी घरी नेऊन सरळ करू. काच मी पांढऱ्या डिंकाने बसवलीय, लाकडाच्या. पाण्याने सुटतो. काच नेहमी सुटेल अशीच बसवायची, नाहीतर दुरुस्ती कशी करणार? वनजा, तुझी ती दात घासायची पेस्ट आहे का?"

"कवळ्या चमकवायची. पर्समध्येच आहे, मामा."

"दे. आणि मला माझा ब्रश पाहिजे."

सगळ्यांनी सुष्माकडे बघितलं. ती हलली नाही. मग तिने पर्स उघडली, डबा काढला, त्यातून सगळ्यात बारीक ब्रश शोधून मामांच्या हातात दिला. डबा पुन्हा पर्समध्ये ठेवला.

मामांनी मनगट एका छोट्या पिशवीवर टेकलं. नाचणी भरलेली शिवण घातलेली पिशवी, कायम त्यांच्या खिशात असते. ब्रश ओला केला. टोक काचेपाशी नेलं, तर हात थडथडला. ते थांबले. विक्रांतने मान फिरवली.

"घाई नको," मामा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "ती येते आणि जाते. मध्ये थोडी सवड देते. तेवढ्यात काम करायचं."

थरथर ओसरली. ब्रश काचेच्या कडेवरून एकदा फिरला. पुन्हा थरथर, पुन्हा थांबणं, पुन्हा एक फेरी. चौथ्या वेळी काच अलगद सुटून चिमट्यात आली. त्यांनी ती बोटभर पेस्टने आतून-बाहेरून चोळली, पाण्याच्या थेंबाने धुतली आणि उजेडात धरली. पलीकडचं यशोधनचं तोंड तिच्यातून स्वच्छ दिसलं, आणि त्याचे डोळे ओले होते हेही दिसलं.

पाहुणे वायुदलातले निवृत्त अधिकारी होते. ते अकराला दोन मिनिटं असताना येऊन दारात थांबले होते आणि कुणी स्वागताला गेलं नाही म्हणून चिडले नव्हते. मामांनी काच जागेवर बसवून मान वर केली तेव्हा त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

मिगखालची विक्रांतच्या नावाची पट्टी वनजाबाईंनी स्वतः उचलून पर्समध्ये टाकली. झाकणावरचा पंजा पुसायला यशोधन फडकं घेऊन आला, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "राहू दे. लोक विचारतील तेव्हा सांगू."

सुष्मा टेबलाशी आली. बिस्किटाचा डबा तिने मामांच्या पुढ्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी तो त्यांच्याकडे सरकवला.

"आप्पा, हा घ्या. टेबल नाही आवरत मी. पण ब्लेड वापरताना मला हाक मारायची."

मामांनी डबा उघडून आतल्या सुऱ्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हाक मारेन. आणि तू त्या दिवशी टेबल पुसलंस तेव्हा दिवा उजवीकडे ठेवलास. तो डावीकडे लागतो मला. कितीदा सांगायचं?"

"डावीकडे ठेवते," सुष्मा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.